कानपिळी

स्वराज चालायला उशिरा शिकला. त्याची थोरली बहीण पूनम वर्षाच्या आतच अंगणभर दुडदुडत होती, आणि हा दीड वर्षाचा झाला तरी भिंत सोडायला तयार नव्हता. पण एकदा चालायला लागला आणि वडगाव रासाईतल्या आमच्या वस्तीवर जो येईल तो त्याच्या पोटऱ्यांकडं बघायला लागला. पैलवानाच्या असतात तशा भरल्या, टणक पोटऱ्या. माझे वडील, आण्णा, त्याला मांडीवर घेऊन त्या चाचपायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "धनगराचं पोर हाय ह्ये. कोकणातनं देशावर मेंढरं हाकत यील, मधी कुठं बसायचं न्हाई."

मेंढरं आण्णांनी त्याच्या जन्माआधीच विकली होती. नदीकाठचं सगळं रान उसाखाली गेलं, चरायला पड जमीन राहिली नाही. मी तर मेंढरांमागं कधी गेलोच नाही. माझा दुधाचा पिकअप आहे. सकाळ-संध्याकाळ वस्त्यांवरचे कॅन गोळा करायचे, शीतकरण केंद्रावर पोचवायचे, मधल्या वेळात शेताकडं बघायचं. पण आण्णांना वाटायचं, चालण्याची विद्या एक पिढी सोडून नातवात उतरली.

त्या भरलेल्या पोटऱ्या हेच आजाराचं लक्षण होतं, हे तो सहा वर्षांचा झाल्यावर कळलं. शाळेतल्या बाईंनी आधी हटकलं. म्हणाल्या, "खाली बसला की ह्याला सरळ उठता येत नाही. स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत रोवत उठतो. एकदा दाखवून घ्या." शिरूरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते आम्हाला पाठ व्हायलाच आठवडा लागला. अर्थ मात्र लगेच कळला. अंगातले स्नायू झिजत जाणार. आधी पाय, मग हात, मग छाती. गोळ्यांनी झिजण्याचा वेग कमी होतो, झिजणं थांबत नाही.

मी विचारलं, "म्हंजी बरा कवा हुईल?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "व्यायाम रोज करून घ्या. त्यात खंड पाडू नका."

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला खाली गाडीपाशी आल्यावर उमगलं. गिता, माझी बायको, केबिनमध्ये पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हणालं ओ शेवटी?" मी म्हणालो, "व्यायाम करायचाय." आणि गाडी सुरू केली.

पोरांच्या पहिल्या गोष्टी आईबापाच्या ध्यानात राहतात. पहिला दात, पहिलं पाऊल, बिरोबाच्या देवळात जावळ काढताना कोण किती रडलं, शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर कसलं होतं. पूनमचं मला सगळं असंच आठवतं. दहावीचा निकाल आला तेव्हा ती कडबा कुट्टीच्या मशीनपाशी उभी होती, केसांत सगळा भुसा, आणि तशीच येऊन माझ्या गळ्यात पडली. स्वराजच्या बाबतीत मात्र आम्हाला शेवटच्या गोष्टी बघाव्या लागल्या, आणि त्या घडताना कुणी सांगत नाही की ही शेवटची. तो शाळेची पायरी शेवटची कधी चढला, मला सांगता येणार नाही. असाच एक दिवस गिता भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "अवो, ह्यो लई दिस झालं उभाच राह्यला न्हाई की." आम्ही दोघंही आठवत बसलो. कुणी म्हणावं पोळ्याला उभा होता, कुणी म्हणावं नाही, पोळ्याला मी धरला होता. तो दहा वर्षांचा होता. त्यानंतर खुर्ची आली.

पण पोरगं रडकं नव्हतं. आमच्या भागात बैलगाडा शर्यती होतात, तिथं घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, माइकवर बोलणारे निवेदक असतात. त्यांचा आवाज ऐकून ऐकून त्यानं तो असा काही उचलला होता, की घरात दिवसभर शर्यतच चालू. मी त्याला सकाळी खाटेवरनं उचलायला वाकलो की हा सुरू, "आणि मच्छिंद्रशेठ वडगाव रासाईकर घाटात उतरले हायेत! हात घातला, कंबर वाकली, आन् भलेऽऽ!" आण्णा पाणी प्यायला उठले तरी त्यांची बारी, म्हणजे शर्यतीतली पाळी, पुकारायचा. गिता वरवर चिडायची, पण तव्यावरची भाकरी फुगली की स्वतःच त्याच्याकडं बघायची, आता हा काय बोलतो म्हणून.

पूनम शिकली, लॅबचा कोर्स केला आणि न्हावऱ्याला एका लॅबमध्ये लागली. मागल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा दौंडचा, सत्यजीत, रेल्वेत टेक्निशियन. वडील शंकरराव आमच्यासारखेच, मेंढरं सोडून दौंडला स्थिरावलेले. स्वराजचा आजार त्यांना पहिल्याच दिवशी दिसला होता. खुर्चीत बसलेलं पोरगं काही लपवता येत नाही. शंकरराव म्हणाले होते, "देवाची करणी. त्याचा पोरीशी काय संबंध?" आम्हालाही ते खरंच वाटलं.

साखरपुडा आमच्या दारातच झाला. सगळे जेवून बसले तेव्हा कुणीतरी स्वराजला म्हणालं, "काय मेव्हणं, लग्नात कान पिळायला तयारीत ऱ्हावा." आमच्याकडं नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि नवरदेव त्याला मानाचं काहीतरी देतो. कानपिळी म्हणतात.

स्वराजनं सत्यजीतला सरळ विचारलं, "पिळल्यावर काय देणार?"

"काय पायजे?"

"इचार करून सांगतो. पर पिळणार दाबून, आत्ताच सांगतो."

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यानं खरंच सराव धरला. बोटांतली ताकद कमी झाली होती, जेवताना घास उचलायलाही हाताखाली उशी ठेवावी लागायची. पूनमनं त्याला मऊ चेंडू आणून दिला, तो दिवसभर दाबत बसायचा. संध्याकाळी आण्णा त्याच्या खुर्चीपाशी कान घेऊन बसायचे. हा पिळायचा, आण्णा "आयायाया" करून ओरडायचे. त्यांना काही लागत नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. त्यालाही दिसत असावं, कारण एकदा म्हणाला, "आण्णा, खरं सांगा, लागलं का?" आण्णा म्हणाले, "कालच्यापेक्षा आज जास्त लागलं."

लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची होती. गणपती झाले आणि स्वराजच्या वर्षाच्या तपासणीची वेळ आली. गिताला ताप होता, म्हणून पूनमनं सुट्टी टाकली आणि ती आमच्याबरोबर पुण्याला आली.

जुने डॉक्टर दुसरीकडं गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी स्वराजला नीट तपासलं, त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला शर्यतीची बारी म्हणायला लावली आणि मनापासून हसल्या. मग त्यांचं लक्ष पूनमच्या हातातल्या अंगठीकडं गेलं.

"ही ताई का? लग्न ठरलंय वाटतं?"

पूनम लाजली. "हो. दिवाळीनंतर आहे."

"अरे वा. मग तुमची तपासणी झाली असेल ना?"

"कसली?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसावं, म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश सांगायला लागल्या. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाकडं येतो. आईला स्वतःला सहसा त्रास होत नाही. गिताचं रक्त तेव्हा तपासलं होतं, तिच्यात तो दोष सापडला होता, हे आम्हाला माहीत होतं. पूनम तेव्हा लहान, तिचं पुढं बघू असं जुने डॉक्टर म्हणाले होते, पण त्याचा अर्थ आम्हाला कळलाच नव्हता. तो दोष मुलीतही उतरलेला असू शकतो. उतरला असेल, तर तिला जो मुलगा होईल त्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "नसेलही. आणि असला तरी आता मार्ग आहेत. गरोदरपणात सुरुवातीलाच तपासणी करता येते. लग्न करू नये असं अजिबात नाही. पण माहीत असलेलं बरं."

पूनम लॅबमध्ये काम करणारी. तिनं एकच विचारलं, "रक्त आज देता येईल का?"

स्वराज तिथंच खुर्चीत बसला होता. त्याला बाहेर न्यायचं आम्हा कुणाला सुचलंच नाही. येताना तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. कासुर्डीचा टोलनाका लागला की तो दरवेळी गाड्यांची शर्यत पुकारायचा. त्या दिवशी टोलनाका आला आणि गेला.

निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत लग्नाचं काम चालूच राहिलं. हॉल ठरला होता, पत्रिका छापायला टाकायच्या होत्या. गिता पापड लाटायला बायका बोलवत होती. मी कुणाला काही बोललो नाही आणि कामंही थांबवली नाहीत. मला वाटायचं, आपण काम चालू ठेवलं तर निकालही त्याच्या मागोमाग सरळ येईल. माणूस असंही मनाला समजावतो.

एका दुपारी पूनम लॅबमधून लवकर घरी आली. स्कूटी लावली, पायांवर पाणी घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "मॅडमचा फोन आलता. हाय माझ्यात."

गिताच्या हातात परात होती. ती तिनं सावकाश खाली ठेवली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "माझ्यातनंच आलं." बस. स्वराजचा आजार कळला तेव्हा भावकीतल्या बायकांनी तिला हे पुष्कळ ऐकवलं होतं. त्या वेळी मी भांडलो होतो सगळ्यांशी. आता ती स्वतःच स्वतःला ऐकवत होती, आता कुणाशी भांडायचं?

पूनम तिच्या शेजारी बसली. "आई, तुझ्या हातात होतं का ते? मग." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना सांगायला पायजे."

"न्हाई सांगायचं," गिता एकदम म्हणाली. "लगीन हूं दे. डॉक्टर म्हणाल्यात न्हवं, मार्ग हाय म्हणून? मग तवाचं तवा बघू."

"आन् नंतर कळलं तर?"

"कोण सांगायला बसलंय?"

आण्णा बाहेरच्या खाटेवरून ऐकत होते. ते आत आले, काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "गिता, आपल्या बापजाद्यानं बाजारात मेंढरू इकताना बी त्याची खोड सांगून इकलंय."

"आण्णा," पूनम म्हणाली, "मी मेंढरू न्हाई."

आण्णांचं तोंड उतरलं. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण शब्द निघून गेला होता. ते बाहेर गेले.

मी म्हणालो, "मी जातो दौंडला. मी सांगतो. ह्ये बापाचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घालून मी तसाच निघालो. पारगावच्या पुलावरून केडगाव, चौफुला, वरवंड. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. "शंकरराव, एक गोष्ट कानावर घालायचीय." नाही. "शंकरराव, आमच्या पोरीची एक तपासणी केली." हेही नाही. दौंडला रेल्वेलाइनच्या बाजूला त्यांचं घर आहे. मी पोचलो तर शंकरराव दारात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, खांद्यावर हात टाकून आत नेलं.

"बरं झालं आलात, पाव्हणं. बँडवाल्याला मी सांगितलंय, आवाज बेतानं ठेव, आमच्या मेव्हण्याला तरास न्हाई झाला पायजे."

मेव्हणा म्हणजे स्वराज. मी मान हलवली. सत्यजीतच्या आईनं पोहे आणले. मग आतून शालू आणला, मांडीवर उलगडून दाखवला, पदर हातात धरून म्हणाली, "पूनम गोरी हाय, तिला ह्यो हिरवा खुलून दिसंल, काय ओ?" मी म्हणालो, "दिसंल की." पोह्यांची बशी माझ्या हातात तशीच होती. शंकररावांनी विचारलं, "तब्येत बरी न्हाई का?" मी म्हणालो, "झोप न्हाई झाली." बाहेरून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत कुणाला बोलता येत नव्हतं. मी ठरवलं, ही गेली की सांगायचं. गाडी गेली. मी उठलो आणि म्हणालो, "येतो मग. दुधाची येळ व्हती."

घरी आलो तर पूनम दारातच होती. माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं.

"न्हाई सांगितलं ना?"

"ती शालू दाखवत हुती, बाळा."

ती रागावली नाही. म्हणाली, "हात धुवा, जेवून घ्या." आणि ताट वाढायला आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिनं स्वतःच सत्यजीतला फोन केला. तो रविवारी मोटरसायकलवर आला. दोघं विहिरीपलीकडच्या लिंबाखाली बसले. मी पिकअपचं चाक खोलून बसलो होतो. त्या चाकाला काही झालेलं नव्हतं. पूनम बोलत होती, तो ऐकत होता. मधे एकदा त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

तो घरात आला तो सरळ स्वराजपाशी. त्याच्या खुर्चीपुढं खाली बसला, मान वाकडी करून कान पुढं केला. "घे पिळून. लई दिस सराव चाललाय म्हणं."

स्वराजनं हात उचलला नाही. "आत्ता न्हाई. लग्नात. फुकट न्हाई पिळत मी."

सत्यजीत तसाच मान वाकडी करून बसून राहिला. मग उठला, माझ्याजवळ आला. डोळे लाल होते. "मामा, माझं काय म्हणणं न्हाई. मी करणार. घरी मी सांगतो."

"बघ बाबा," मी म्हणालो. "घाई करू नकोस."

"घाई न्हाई. मला पटलंय."

त्याला खरंच पटलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण लग्न एकट्या मुलाचं नसतं, आणि दिवस जायला लागले. सुरुवातीला त्याचे फोन रोज यायचे. मग एक दिवसाआड. पूनम फोन घेऊन विहिरीकडं जायची आणि आली की कुणी काही विचारायच्या आत कामाला लागायची. छापखान्यातून पत्रिकेबद्दल विचारणा झाली, मी म्हणालो थांबा. गितानं पापडांचे डबे कोनाड्यात ठेवले आणि वरून चादर टाकली. स्वराजचा चेंडू मात्र चालू होता.

शंकरराव आले ते एकटेच आले. पायरीवर चपला काढताना त्यांचा तोल गेला, मी हात दिला. ते आत येऊन बसले, आधी स्वराजचा हात हातात घेतला, त्याच्या शाळेचं विचारलं. मग माझ्याकडं वळले आणि हात जोडले.

"पाव्हणं, तुम्ही लपवलं असतं तर आम्हाला कळलं नसतं. तुमच्या पोरीनं स्वतः सांगितलं. अशी पोरगी शोधून सापडायची न्हाई. पर आमच्या घरात धीर न्हाई ओ."

त्यांनी जोडलेले हात तसेच ठेवले.

"पोरगं ऐकत नव्हतं. त्याच्या आईनं जेवण सोडलं. म्हणती, मी त्या पोराला बघून आलीय, माझ्या डोळ्यांम्होरनं ते जात न्हाई. मला नातवाला असं बघवायचं न्हाई. मी समजावलं, डॉक्टरचं सांगितलं. तिला काय पटंना. शेवटी पोरगं बी थकलं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मला शिव्या द्या. दोन द्या, पर द्या."

शिव्या द्याव्यात असं मला वाटलं होतं. सकाळपासून तोंडात होत्याही. पण मी त्या माणसाकडं बघत होतो आणि मला दिसत होतं, की उद्या माझ्या दारात असं स्थळ आलं असतं, मुलगी चांगली, माणसं चांगली, आणि ही एक गोष्ट, तर गितानंही जेवण सोडलं असतं. आणि मीही असाच कुणाच्या तरी घरी हात जोडून बसलो असतो. ज्याच्यावर रागवायचं तोच माझ्यासारखा निघाला. मग काय करायचं?

"बसा," मी म्हणालो. "चहा घ्या."

चहा पूनमनंच आणला. कप त्यांच्या हातात दिला, अंगठी काढून त्यांच्यापुढं ठेवली. "साखरपुड्याची साडी धुतलीय, अजून वाळायचीय. पप्पा दौंडकडं आले की आणून देतील."

शंकररावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि मधेच खाली घेतला.

ते गेल्यावर चार दिवसांनी सत्यजीतचा मला फोन आला. "मामा," म्हणाला, आणि पुढं काही नाही. पलीकडून गाडीची शिट्टी ऐकू येत होती. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "व्हय." मग फोन ठेवला.

स्वराजला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. मी त्याला आंघोळ घालत होतो. मोरीत प्लास्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर बसवतो, एका हातानं पाठ धरतो, दुसऱ्या हातानं पाणी घालतो. तो म्हणाला, "पप्पा, माझ्यामुळं मोडलं ना?"

"न्हाई."

"मग कुणामुळं?"

मी साबण लावत राहिलो. गितामुळं नाही, पूनममुळं नाही, शंकररावांमुळं, त्यांच्या बायकोमुळंही नाही. मी एकेकाचं नाव मनात घेऊन बघितलं. कुणाचंच नाव बसेना. आणि तो वाट बघत होता. तेरा वर्षांचं पोरगं, त्याला बापाकडून उत्तर पाहिजे होतं.

"डोळं मिट," मी म्हणालो. "साबण जाईल."

त्यानं मिटले. पाणी ओतून झालं तरी त्यानं ते बराच वेळ उघडले नाहीत.

पूनमनं पुण्यात हडपसरला एका मोठ्या लॅबमध्ये अर्ज केला होता. कधी केला, आम्हाला माहीत नव्हतं. तिथं निवड झाली. राहायला मुलींचं होस्टेल. गिता म्हणाली, "इथली नोकरी काय वाईट हाय?" पूनम म्हणाली, "न्हावऱ्यात लॅबमधी येणारा परतेक माणूस मला लग्नाचं इचारतो, आई." गितानं चिवडा केला, पापडांचा एक डबा काढला आणि पिशवीत भरला.

तुळशीची लग्नं होऊन गेली होती. ज्या आठवड्यात ती दौंडला सासरी जायची होती, त्याच आठवड्यात मी तिला पुण्याच्या गाडीत बसवायला चौफुल्याला घेऊन निघालो. सासरी जाणाऱ्या मुलीला कसं पाठवायचं ते आपल्याला माहीत असतं. ओटी भरतात, बायका रडतात, कुणीतरी धीर देतं. पण अशा निघालेल्या मुलीला कसं पाठवायचं? गितानं तिला हळदकुंकू लावलं आणि तिथंच थांबली, पुढं काय करायचं तिला कळेना. आण्णा खाटेवरून उठले. पूनम त्यांच्या पाया पडली तसे त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "पोरी, त्या दिशी म्या वंगाळ बोललो."

"काय न्हाई, आण्णा. गोळ्या येळेवर घ्या."

स्वराज म्हणाला, मीही येणार. मी त्याला पिकअपच्या केबिनमध्ये मधे बसवला, एका बाजूनं पूनमनं धरला. वाटेत दोघं बहीणभाऊ मोबाइलवर काहीतरी बघत होते, हसतही होते. चौफुल्याला गर्दी होती. एसटी आली, मी बॅग वर टाकली. पूनम चढता चढता मागं वळली, परत खाली उतरली.

"पप्पा, मी लग्नच करणार न्हाई असं समजू नका. कुणी स्थळ आणलं तर आणू द्या. फक्त आधी सांगायचं. पहिल्याच दिवशी. मी सांगणार न्हाई, तुम्ही सांगायचं."

"व्हय."

"दौंडसारखं न्हाई करायचं."

"न्हाई करणार," मी म्हणालो. मला जमेल की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. कंडक्टरनं आवाज दिला, ती चढली. खिडकीतून तिनं हात केला तो स्वराजला. मग गाडी पुण्याच्या दिशेला गेली.

मी केबिनमध्ये येऊन बसलो. स्वराज म्हणाला, "पप्पा, लघवीला लागलीय."

हायवेला जागा कुठं असते? थोडं पुढं जाऊन मी गाडी कडेला घेतली. पलीकडच्या बाजूनं त्याला उतरवलं, मागून बगलेखाली हात घालून उभा धरला. त्याचे पाय नुसते जमिनीला टेकले होते, सगळा भार माझ्या हातांवर. शेजारून कंटेनर जात होते, प्रत्येक गाडीच्या वाऱ्यानं आम्ही दोघंही हलत होतो. माझ्या कमरेत कळ आली. मी दात आवळून उभा राहिलो.

"जड झालोय ना मी?" त्यानं विचारलं.

"न्हाई रं."

"पुढच्या वर्षी अजून हुईन."

"हू दे की."

"आन् तुम्ही म्हातारं झाल्यावर?"

"तुझं झालं का?" मी विचारलं.

"झालं."

मी त्याला उचलून आत बसवलं, चेन लावली, पट्टा बांधला. ऊन कलायला लागलं होतं. वस्त्यांवर कॅन भरून ठेवले असतील, उशीर झाला तर दूध नासेल. मी घाम पुसला आणि गाडी घराकडं वळवली.